चावी बाबांच्या खिशात होती

माझ्या आत्याला आमच्या घराने विसराळू ठरवलं. चोराला पकडलं तरी त्याची बाजू ऐकून घेतात, आत्याची कुणी ऐकली नाही. जेवणाच्या टेबलावर, तिच्यासमोर, तिच्या सख्ख्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या बाबांनी निकाल दिला आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्या माना आठवल्या की अजून माझं डोकं तापतं, म्हणून हे लिहायला बसले.

आत्या कोण ते आधी सांगते. ती गाडी चालवायला शिकवायची. आज आमच्या भागात ज्या बायका झोकात गाडी मागे घेतात, चढावर थांबवून पुन्हा उचलतात, त्यातल्या निम्म्या तरी आत्याच्या हाताखालून गेल्या आहेत. तिची गाडी लहानशी, चौकोनी, रंग उडालेली. शेजारच्या सीटसमोरही एक क्लच आणि एक ब्रेक, आणि डॅशबोर्डच्या खाली तिच्या मेकॅनिककडून बसवून घेतलेलं हॉर्नचं बटण. शिकणारीने रस्त्यातला माणूस बघितला नाही तरी आत्याने बघितलेला असायचा. तिच्या पाठीमागे तिला सगळे ‘ब्रेकबाई’ म्हणायचे. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही.

लग्न तिने केलं नाही. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, “स्टिअरिंग त्याच्या हातात आणि ब्रेक माझ्या पायाखाली, एवढी एकच अट होती माझी. कुणी तयार होईना.” आमच्याच घराच्या मागच्या खोलीत ती राहते. स्वयंपाकघर एक, टेबल एक, पण तिची खोली आणि तिची गाडी यांत कुणी नाक खुपसायचं नाही, असा शिरस्ता होता. होता म्हणते, कारण पुढे तो मोडला.

त्या गाडीत रेडिओ कधीच नव्हता. मूळचा होता तो आत्यानेच काढून टाकला होता. “इंजिन काय म्हणतंय ते ऐका,” असं ती सांगायची. “गिअर डोळ्यांनी नाही, कानांनी बदलायचा.” त्यामुळे सगळं आयुष्य तिने त्या गाडीत काय ऐकलं? गिअरची करकर, मागच्यांच्या शिव्या, परीक्षेत नापास झालेल्यांचं रडणं आणि स्वतःचाच आवाज, “क्लच! क्लच! अगं बाई, क्लच!” गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा तिने स्वतःहून शिकवणं थांबवलं आणि पुढच्याच आठवड्यात चहा पिताना जाहीर केलं, “मला गाडीत स्टिरिओ बसवायचाय. चांगल्यातला. आता गाणी ऐकत चालवणार मी.”

सगळे तिच्याकडे असे बघायला लागले, जणू तिने घर सोडून जाते म्हटलं होतं.

“या वयात?” बाबा म्हणाले.

“वन्सं, घरात आहे की रेडिओ,” आई म्हणाली.

फोनवर काकांना कळलं तेव्हा काका म्हणाले, “त्या डबड्यात? त्यापेक्षा डबडं विकून टाका ना.” याच काकांनी रिटायर झाल्यावर भिंतभर टीव्ही घेतला होता. त्यांना कुणी वय विचारलं नव्हतं. उलट आम्ही सगळे तो बघायला गेलो होतो आणि वा वा म्हणून आलो होतो.

आत्याने सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, “तू येतेस का माझ्याबरोबर? गाणी तुला भरून द्यायची आहेत.”

स्टिरिओवाल्याचं दुकान म्हणजे एक शटर. आत भिंतीवर स्पीकर, खाली खोक्यांची चळत, आणि काम सगळं समोरच्या रस्त्यावर. आम्ही उतरलो तर त्याने आमच्या मागे बघितलं. आणखी कुणी उतरत नाही म्हटल्यावर विचारलं, “साहेब नाही आले?”

“कुठले साहेब?” आत्या म्हणाली.

मग तो माझ्याकडे वळला. “काय हवंय आजींना? भजनाला साधा सेट चालेल ना?”

आजी! त्याचे स्वतःचे केस अर्धे पांढरे होते. आत्याने त्याला शांतपणे सांगितलं, की गाणाऱ्याचा शब्द न् शब्द स्पष्ट ऐकू आला पाहिजे, आवाज वाढवला तरी फाटता कामा नये, आणि दारांचे पत्रे थरथरले तर पैसे मिळणार नाहीत. त्यासाठी स्पीकर चार लागतील आणि अ‍ॅम्प्लिफायर वेगळा लागेल, हे तिने तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडून आधीच माहीत करून घेतलं होतं. तो सगळा वेळ माझ्याकडे बघून मान हलवत होता. शेवटी मला म्हणाला, “ताई, बेस मस्त सेट करून देतो. दणका बसला पाहिजे.”

अ‍ॅम्प्लिफायर ठेवायचा कुठे यावरून पुन्हा वाजलं. तो म्हणाला, शेजारच्या सीटपुढचे हे फालतू पेडल काढून टाकू, भरपूर जागा होईल. आत्या म्हणाली, “ते पेडल निघणार नाहीत. तू निघालास तरी चालेल.” मग त्याने तोंड वाकडं करून तो चपटा डबा सीटखाली सरकवला. दुपारभर डॅशबोर्ड उघडा होता, दारांची आतली आवरणं फुटपाथवर पसरली होती. आत्या स्टुलावर बसून बघत होती. मधे ती पाणी प्यायला गेली आणि परत आली तोवर डॅशबोर्ड बंदही झाला होता. तो सीटपाशी आडवा होऊन काहीतरी चिकटपट्टी गुंडाळत होता. आत्याने विचारलं, “हे काय राहिलं होतं?” तो म्हणाला, “काही नाही, झालंच.”

आणि मग त्याने गाणं लावलं. मी आत्याच्या तोंडाकडे बघत होते. तिने डोळे मिटले, मग उघडले आणि म्हणाली, “अगं, मागे तबला आहे या गाण्यात! मला कधी ऐकूच आला नव्हता.” घरी येताना तिने मुद्दाम लांबचा रस्ता घेतला. सिग्नलला शेजारच्या गाडीतला पोरगा आमच्याकडे बघून हसला, तर हिने आवाज आणखी एक घर वाढवला.

दोन दिवसांनी सकाळी गाडी सुरू होईना. चावी फिरवली की नुसतं टक्. बॅटरी पार बसली होती.

“दिवे चालू ठेवले असशील,” बाबा म्हणाले.

“नाही ठेवले.”

“मग दार नीट लावलं नसशील, आतला दिवा राहिला असेल.”

शेजाऱ्यांच्या गाडीला वायरी लावून गाडी सुरू झाली. त्या आठवड्यात आत्या रोज लांबलांब फिरून आली आणि काही झालं नाही. मग एक दिवस ती घरीच राहिली आणि गाडी पुन्हा मेली. या वेळी बाबांनी नुसतं आईकडे बघितलं, आणि आईने ते बघणं झेललं. मला ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट वाटलं.

तिसऱ्यांदा झालं तेव्हा काकांचा फोन आला. ते बाबांना म्हणाले, “ताईचं वय झालंय, हे असंच सुरू होतं, डॉक्टरला दाखवा.” मला कसं माहीत? फोन स्पीकरवर होता, आणि मागच्या खोलीचं दार उघडं होतं. म्हणजे आत्यालाही ऐकू गेलं असणार. कान तिचे शाबूत होते, एवढं तरी कुणाच्या लक्षात यायला हवं होतं.

त्यानंतर घरात जे सुरू झालं, त्याला मी काय म्हणू? बाबा पेपर वाचता वाचता सहज विचारायचे, “ताई, आज वार कुठला गं?” आई भाजी निवडताना विचारायची, “वन्सं, काल आपण काय केलं होतं जेवायला?” जिने सगळ्या गावाच्या परीक्षा घेतल्या तिची परीक्षा चालली होती, आणि तीही चोरून. आत्या बिचारी उत्तरं द्यायची. एकदा भाजीत मीठ कमी पडलं. अळणी भाजी माझ्या आईने आजवर डझनभर वेळा केली असेल. त्याला आम्ही ‘आज मीठ कमी पडलं’ म्हणतो. आत्याच्या हातून झाली तर बाबांनी चमचा खाली ठेवला आणि सुस्कारा सोडला.

मी भांडले. “स्टिरिओ बसवल्यापासून हे होतंय, तो माणूस बोलवा ना,” म्हटलं. बाबा म्हणाले, “स्टिरिओ बंद असतो गं. मी स्वतः बघितलंय. वाजत नाही, दिवा लागत नाही. बंद वस्तू बॅटरी खाते का?” मला त्यातलं कळत नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. कळत त्यांनाही नव्हतं, पण ते काही गप्प बसले नाहीत.

चौथ्यांदा गाडी बसली त्या दिवशी टेबलावर तो निकाल लागला. “ताई,” बाबा म्हणाले, “रागावू नकोस. उद्या गॅस चालू राहिला तर? रस्त्यात काही झालं तर? चावी माझ्याकडे राहू दे. तुला कुठे जायचं असेल तिथे मी नेईन.” आईने मान डोलावली. त्या दिवशी काकाही आले होते, त्यांनी तर दोनदा डोलावली.

मला वाटलं, आता आत्या उसळणार. याच बाबांना तिने गाडी शिकवली होती. त्यांनी फाटकाचा खांब पाडला तेव्हा आजोबांसमोर “ब्रेक नीट लागत नव्हता” असं खोटं सांगून वाचवलं होतं. पण ती टेबलावरच्या डागाकडे बघत राहिली आणि म्हणाली, “असेल. मीच विसरत असेन. मला आठवतं की मी दिवे बंद केले, पण विसरणाऱ्याला तसंच आठवत असणार ना?”

आणि तिने चावी काढून दिली.

चावी गेली त्याचं एक वेळ चाललं असतं. पण तिची स्वतःवरची खात्री काढून घेतली होती या लोकांनी, आणि ती काढून घेऊन वर आणखी आमटी वाढून मागत होते.

बाबांनी बॅटरी नीट चार्ज करून आणली. रविवारी सगळ्यांना घेऊन काकांकडे गेले, स्वतः चालवत. येताना गाणीसुद्धा लावली, “आवाज चांगला आहे हां,” असंही म्हणाले. घरी येऊन गाडी लावली, दिवे बंद केले, चारही दारं ओढून बघितली आणि चावी शर्टाच्या खिशात टाकली. आत्याने हे सगळं फाटकापाशी उभं राहून बघितलं. दुसऱ्या दिवशी बाबांना सुट्टी होती, गाडी जागची हलली नाही. मंगळवारी सकाळी ते ऑफिसला निघाले. टक्.

पुन्हा टक्.

ते घरात आले आणि अगदी सहज म्हणाले, “बॅटरीच जुनी झालीय. बदलायला हवी.”

मी हातातली बशी आपटली. “कशी काय जुनी झाली?”

“अगं, जुनी होतेच की बॅटरी.”

“आत्याकडे चावी होती तेव्हा आत्या म्हातारी, आणि तुमच्याकडे आली की बॅटरी म्हातारी? बाबा, चावी कुणाच्या खिशात होती? दिवे कुणी बंद केले? मग चला, तुम्हालाही नेऊ डॉक्टरकडे! सांगा, आज वार कुठला?”

“आवाज खाली,” बाबा म्हणाले. आई म्हणाली, “वडिलांशी असं बोलतात का?” मला त्या दोघांशी पुढे बोलायचंच नव्हतं. मी आत्याकडे बघितलं. ती दारात उभी होती. तिच्या चेहऱ्यावर आनंद वगैरे काही नव्हता, ती विचारात पडली होती. शिकणारीने गिअर चुकीचा टाकला की ती क्षणभर अशीच थांबायची.

“म्हणजे मी नव्हते,” ती हळू म्हणाली. मग मोठ्याने, “धाकट्या, बॅटरी चार्ज करून आण. आणि गाडीला हात लावू नकोस.”

बाबांनी आणली. काय करतील? मग आत्या गाडीत बसली, ती तिच्या नेहमीच्या जागेवर, म्हणजे शेजारच्या सीटवर. चावी लावलेलीच नव्हती. तिने मला दार लावायला सांगितलं, काचा वर केल्या आणि कान देऊन बसली. बराच वेळ. मग मला खूण केली. मी आत डोकं घातलं. “ऐक,” ती म्हणाली. मला आधी काही कळलं नाही. मग कळलं. स्पीकरमधून अगदी बारीक सूं असा आवाज येत होता. तिने सीटखाली हात घातला, माझा हात ओढून त्याच डब्यावर ठेवला. अ‍ॅम्प्लिफायर कोमट होता. बंद गाडीत, चावीशिवाय, तो जागा होता.

त्या डब्यातून एक बारीक वायर निघून वर गेली होती, आणि आत्याने बोटाने तिचा माग काढला तर ती थेट तिच्या हॉर्नच्या बटणामागे जाऊन पोचली होती. चिकटपट्टी गुंडाळलेली. हॉर्नला चावी लागत नाही. तिथे वीज कायमच असते. गाडी उभी असली की तो डबा गपचूप बॅटरी पीत बसायचा.

आम्ही स्टिरिओवाल्याकडे गेलो. बाबाही आले, ऑफिस बुडवून. स्टिरिओवाल्याने त्यांना बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. “या साहेब,” म्हणाला. साहेब खाली मान घालून उभे राहिले. आत्याने दार उघडून ती वायर दाखवली आणि विचारलं, “ही इथे का जोडली?”

तो डोकं खाजवत बाबांनाच सांगायला लागला. “त्याचं असं झालं साहेब, ही वायर स्टिरिओच्या मागून आणायची असते. म्हणजे स्टिरिओ बंद, की अ‍ॅम्प बंद. पण डॅशबोर्ड बंद केल्यावर बघितलं तर वायर आणायची राहून गेली होती. पुन्हा सगळं कुठे उघडणार? इथे एक वायर सापडली, टेस्टर लावला, करंट होता, जोडून टाकली. पेडल काढू दिले असते तर हे झालंच नसतं.”

राहून गेली! नीट ऐका. तो विसरला, तर वायर ‘राहून गेली’. बाबांच्या हातून झालं, तर बॅटरी ‘जुनी झाली’. आणि आत्याने काहीच केलं नव्हतं, तर आत्या ‘विसरते’. मी हे तिथेच, भर रस्त्यात, त्या दोघांनाही ऐकवलं. फुटपाथवरचे लोक थांबून बघायला लागले. बाबा म्हणाले, “बस झालं आता.” आत्या मात्र स्टुलावर बसून स्टिरिओवाल्याला म्हणाली, “डॅशबोर्ड उघड. या वेळी मी पाणी प्यायला जाणार नाही.” तिने त्याच्याकडून वायर स्टिरिओच्या मागून आणवली, पट्टी नीट गुंडाळून घेतली, चावी काढायला लावली, आणि डब्यावर हात ठेवून तो गार होईपर्यंत स्टिरिओवाल्याला उभं ठेवलं.

घरी आल्यावर बाबांनी चावी टेबलावर ठेवली. हातात दिली नाही, ठेवली. “ताई, झालं गेलं विसरून जा,” म्हणाले. माफी मागितली असती तर जीभ झडली नसती. काकांना फोन करून “ताईचं काही नव्हतं” हे सांगायला त्यांना सवड झाली नाही, ते मी सांगितलं. काका म्हणाले, “हो का? बरं झालं. पण तरी एकदा दाखवून घ्यायला काय हरकत आहे?” मी फोन आपटला.

आत्याने चावी उचलली आणि मला म्हणाली, “चल, फिरून येऊ.”

आम्ही गेलो. तळ्याकाठच्या रस्त्याने, काचा खाली करून. ती गात होती, बेसूर आणि मोठ्याने. मागून कुणीतरी हॉर्न मारला तर म्हणाली, “वाजव बाबा, तालात वाजव.” माझा राग उतरत चालला होता. वाटलं, जाऊ दे, संपलं एकदाचं.

घरी आल्यावर तिने गाडी लावली, इंजिन बंद केलं, दिवे बंद केले. माझ्यासमोर केले. आम्ही उतरलो. फाटकापर्यंत आलो तर ती थांबली. परत गेली, वाकून पुढचे दिवे बघितले, मागे जाऊन मागचे बघितले. आली. पायरी चढली आणि पुन्हा थांबली. पुन्हा गेली. ती गाडीपाशी उभी होती, दिव्याच्या काचेवर तळहात ठेवून. मग तिने मला हाक मारली.

“अगं, बंद आहेत ना? तू पण बघ बरं एकदा.”

घरात बाबा टीव्ही बघत होते. मी गेले, दिवे बघितले आणि म्हटलं, “बंद आहेत आत्या.” तिने मान हलवली, आणि तरीही माझ्याकडे बघत राहिली, मी खरं बोलतेय ना ते बघायला.